घरोघरचा गोडलिंब

ऑटोवाल्यानं भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या त्या जुन्या स्ट्रीटच्या तोंडाशीच ब्रेक मारला आणि पुढे न्यायला साफ नकार दिला. "आगे कुछ नहीं है माताजी. सब खाली पड़ा है, साँप-वाँप निकलता है," तो म्हणाला. भागीरथानं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचाऱ्यानं मुकाट्यानं गाडी वळवली.

"काई नाई म्हणते," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्धा जन्म काढला आपण इथं, आन हा म्हणते काई नाई."

केवलराम म्हणजे पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या धगीत आयुष्य गेलेला माणूस. तिथं तोंड उघडलं की धूर आत जायचा, म्हणून असेल, पण त्याला बोलायची सवय कधी लागलीच नाही. रिटायर झाल्यावर तरी चार शब्द जास्त बोलेल, अशी भागीरथाला आशा होती. तीही फोल ठरली. आता गुडघेही गेले होते. काठी टेकत तो तिच्या मागून चालू लागला.

घरी दोघांनी मंदिरात जातो म्हणून सांगितलं होतं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, तेव्हा कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. कोहक्यातल्या घरी सकाळीच पितरांची घागर भरून झाली होती, सून रेणू सांजोऱ्या तळत होती. भागीरथाच्या पिशवीत नैवेद्याचा डबा असेल असं तिला वाटलं. पिशवीत रिकामा डबा होता, आणि बागकामाचं छोटं खुरपं.

झालं होतं असं, की मुलगा मोहित परवा जेवताना सहज बोलून गेला. "बाबा, वो अपनी पुरानी स्ट्रीट है ना, तुटून राहिली. पूरा मैदान कर रहे हैं." त्यानं मोबाइलवर व्हिडिओही दाखवला. पिवळं मशीन भिंतीला नुसतं टेकतं आणि भिंत गुडघ्यात मोडून खाली बसते. भागीरथाचा घास हातातच राहिला. मोहितला वाटलं, आईला जुन्या घराची आठवण आली. घराची कसली आठवण! दोन खोल्या, पावसात गळणारं छत आणि उन्हाळ्यात तापणारं. तिला आठवलं ते मागचं अंगण. त्या अंगणात तिची मुलगी होती.

हे मोहितला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. ती मोहितच्या आधीची, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी झालेली. नाव ठेवायच्या आधीच तापानं गेली. बाळंतपणासाठी सासू साकोलीकडच्या गावाहून आलेली होती. ती म्हणाली, दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, आपल्या मातीत ठेवतात. गावी असते तर प्रश्नच नव्हता. शेताच्या बांधाजवळ त्या घराची अशी दोन-तीन लेकरं होती आणि नांगर त्यांना वळसा घालून जायचा. इथं भिलाईत आपली माती कुठून आणायची? केवलराम तेव्हा नुकता प्लांटमध्ये चिकटलेला शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं सरळ क्वार्टरच्या मागच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीशी खड्डा खणला. क्वार्टर कंपनीचं, एक दिवस चावी परत करायची आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. जिथं आपली चूल पेटते ती माती आपली, एवढंच त्याला घरून शिकवलेलं होतं.

डोक्यात आलं ते दोन दिवसांनी, आणि मग त्याची गाळण उडाली. कंपनीच्या जागेत प्रेत पुरलं म्हणून केस होईल, क्वार्टर रद्द होईल, नोकरी जाईल. त्यानं बायकोला बजावलं, कोणाजवळ तोंड उघडायचं नाही. कोणी तिथं खणू नये म्हणून सासूनं गावाकडून गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं रोप आणवलं आणि त्या जागी लावलं. झाड जोमानं वाढलं. दर आखाजीला घरातल्या मोठ्या पितरांची घागर भरून झाली, की भागीरथा तांब्याभर पाणी घेऊन मागे जायची आणि झाडाला घालायची. नाव नसलेल्या लेकरांची घागर भरत नाहीत. पण झाडाला पाणी घालायला कोण मना करतं?

पुढे मोठं क्वार्टर मिळालं, मग रिटायरमेंट, मग कोहक्यात स्वतःचं घर. तरीही ती काही वर्षं दर आखाजीला इथं येत राहिली. त्या क्वार्टरात जे कोणी राहत असतील त्यांना म्हणायची, तुमच्याकडचा गोडलिंब फार वासाचा आहे, चार पानं द्याल का? लोक द्यायचे. मग शेवटचं कुटुंब निघून गेलं, करोना आला, गुडघे आले. येणं सुटलं. या गोष्टीचं तिला इतकं वाईट वाटायचं, की त्याबद्दल ती स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

आज तिला एवढंच हवं होतं. मशीन तिथं पोचायच्या आत त्या जागची डबाभर माती उचलायची आणि कोहक्याच्या अंगणात, स्वतःच्या मालकीच्या जमिनीत ठेवायची. दुसरं काही राहिलं नसणार, हे तिलाही कळत होतं. माती तर होती.

स्ट्रीटचा अलीकडचा कोपरा सपाट झाला होता. विटांचे ढीग, त्यांतून वर आलेले नळाचे पाइप, आणि त्यापलीकडे उरलेली दहा-बारा क्वार्टरं एका ओळीत उभी. दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या. भंगारवाल्यांनी चौकटी उपटून नेल्या होत्या, आणि चौकटीवर जिथं काळ्या रंगात नंबर लिहिलेला असायचा ती जागाही चौकटीबरोबर गेली होती. भिंतींवर लाल रंगात मोठमोठ्या फुल्या मारलेल्या. छपरावर पिंपळ उगवलेला.

"आपलं फाटक?" भागीरथानं विचारलं.

फाटक केवलरामनं स्वतः वेल्डिंग करून घेतलं होतं, त्याला निळा रंग दिला होता. इतकी वर्षं ती ते निळं फाटक पाहूनच आत शिरायची. आता एकाही क्वार्टरला फाटक म्हणून नव्हतं.

"नेलं असंन," केवलराम म्हणाला.

"मंग मोजा. कोपऱ्यावरून सहावं होतं नं आपलं?"

"कोपरा कुठं हाये?"

कोपरा नव्हता, हे खरंच होतं. किती क्वार्टरं पाडली गेली ते ढिगांवरून कळेना. मग दुसऱ्या टोकाकडून मोजावं असं ठरलं. पण त्यासाठी ओळीत एकूण किती होती हे माहीत असायला हवं. केवलराम म्हणाला सोळा. भागीरथा म्हणाली अठरा. केवलराम म्हणाला, मी स्वतः इथं इलेक्शनच्या पर्च्या वाटल्या आहेत. भागीरथा म्हणाली, मी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं आहे, आणि तुम्ही पर्च्या पानठेल्यावर ठेवून घरी येत होते. उन्हात उभं राहून दोघं म्हातारे भांडले, आणि दोघांनाही मनातून ठाऊक होतं, की आपल्याला नक्की आठवत नाही.

"आत जाऊन पाहू," शेवटी ती म्हणाली. "आपलं घर मले आतून नाई ओळखू येणार का?"

पहिल्या क्वार्टरात शिरताच वटवाघळांच्या लेंड्यांचा वास नाकात भरला. कोब्यावर मातीचा थर, कोपऱ्यात बकऱ्या बसून गेल्याच्या खुणा. ती थेट स्वयंपाकघरात गेली. केवलरामनं ओट्याच्या वर प्लांटमधल्या भंगाराच्या अँगलची फळी ठोकली होती. त्या फळीचं तिला पक्कं माप ठाऊक होतं, रोज तिच्यावरून हात फिरलेला. फळी नव्हती. भिंतीत चार भोकं होती.

"हेच!" ती ओरडली. "अवो, हे पाहा भोकं."

केवलरामनं भोकं पाहिली आणि अवघडून मान खाजवली. "अवं, स्ट्रीटमध्ये सगळ्यायनंच ठोकल्या होत्या फळ्या. मीच आणून दिलते अँगल."

तरीही ती मागच्या दारातून अंगणात गेली, आणि तिचे पाय थांबले. कुंपणाच्या भिंतीशी, जिथं असायला हवा तिथंच, गोडलिंब उभा होता. चांगला डोक्याएवढा उंच, हिरवागार, बुंध्याभोवती मुळांतून फुटलेल्या पिल्लांची दाटी. ती तिथंच मातीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून खुरपं काढलं. इतकी वर्षं कोणी पाणी घातलं नाही, तरी उभा राहिला गं बाई, ती म्हणाली. बोलता बोलता तिनं पहिला घाव घातलाही असता.

"थांब," केवलराम म्हणाला. तो पडक्या भिंतीवरून शेजारच्या अंगणात पाहत होता. त्याचा आवाज असा काही होता, की ती उठून त्याच्याजवळ गेली.

शेजारच्या अंगणातही गोडलिंब होता. त्याच्या पलीकडच्या अंगणातही. नजर जाईल तिथवर, ओळीतल्या एकेका अंगणात, भिंतीशी, तीच बारीक पानं उन्हात चमकत होती. काही अंगणांत एक झाड, काही अंगणांत गोडलिंबाचं नुसतं रानच.

हे कुठून आलं ते सांगायची गरज नव्हती. भागीरथानंच दिलं होतं सगळ्यांना.

त्या ओळीत तेव्हा कुठकुठली माणसं होती! डावीकडे तेलुगू कुटुंब, त्यांचं तर गोडलिंबावाचून पानच हलत नसे. पुढे केरळची नर्स, तिच्या पलीकडे ओडिशाचे, मग रायपूरकडचे, मग बालाघाटचे. सुरुवातीला शेजारणी पानं मागायला यायच्या. मग एक दिवस तेलुगू बाई म्हणाली, भाभी, एक पिल्लू दे दो ना, रोज-रोज आपको तकलीफ. भागीरथाला घाम फुटला. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? आणि वाढत्या झाडाचं रोप शेजारणीला नाकारतं का कोणी? तिनं केवलराम ड्यूटीवर गेल्यावर हलक्या हातानं, बाजूबाजूनं माती उकरून एक पिल्लू काढून दिलं. मग दुसरीला दिलं, मग तिसरीला. पुढे पुढे तिला त्याचा आनंदच व्हायला लागला. तिला वाटायचं, माझी पोरगी घरोघरी खेळायला जाऊन राहिली. कोणाच्या सांबारात तिचा वास, कोणाच्या कढीत. स्ट्रीटमधून संध्याकाळी चालताना फोडणीचा वास आला, की ती मनात हसायची. इतकी खुळी होती ती. स्वतःच्या हातानं तिनं एकुलती एक खूण गल्लीभर वाटून टाकली होती.

"मी वाटली," ती म्हणाली. "मीच वाटली नं सगळ्यायले."

"बस थोडी," केवलराम म्हणाला.

"बसून काय होते? चला, पुढचं पाहू."

मग ते एकामागून एक क्वार्टरं पाहत गेले. भिंती पडलेल्या असल्यानं अंगणातून अंगणात जाता येत होतं, पण तिला प्रत्येक घर दारातून शिरूनच पाहायचं होतं. एका घरात भिंतीवर जगन्नाथाचं चित्र चिकटवलेलं, अर्धं फाटलेलं, फक्त मोठे गोल डोळे उरलेले. एकात कोणीतरी हौसेनं फुलांच्या टाइल्स बसवलेल्या, त्यातल्या निम्म्या उखडून नेलेल्या. एकात दाराच्या भगदाडाशेजारी भिंतीवर शाळेच्या पोरांनी कोळशानं क्रिकेटचे स्टंप काढलेले. एका मोरीत प्लास्टिकचा मग तसाच ठेवलेला होता, जणू बाई आत्ताच आंघोळ करून उठली. तिच्या घरानंतर तिथं किती संसार झाले होते! प्रत्येकानं रंग दिला, खिळे ठोकले, कोनाडे बुजवले. तिच्या हातचं काही शिल्लक असलंच, तर ते पाच-सहा रंगांच्या खाली होतं.

केवलराम एका अंगणात जाऊन उभा राहिला. काठीनं भिंतीपासून अंतर मोजलं, मान हलवली. पुढच्या अंगणात गेला, तिथंही मोजलं. खड्डा त्यानं खणला होता. तो जर सांगू शकत नसेल, तर दुसरं कोण सांगणार?

"तुमाले काईच आठवत नाई का?" ती चिडून म्हणाली. "तुमी खणलं नं? कावून असे पाहून राहिले मग नुसते?"

"पाहिलं नव्हतं मी," तो म्हणाला.

"काय?"

"खणतानी. तिकडे पाहिलं नव्हतं म्या." तो दुसरीकडेच बघत बोलला. "खणत गेलो आन लोटत गेलो. मायनं ठेवलं तिले. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो."

हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती खोलीत खाटेवर होती तेव्हा. तिला वाटायचं, बाप मुलीला घेऊन गेला, बापानं तिला ठेवलं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण राग आला नाही. तेव्हा तो अवघा पंचविशीतला होता. ती पुढच्या क्वार्टरात शिरली.

तेवढ्यात स्ट्रीटवर मशीनचा आवाज आला.

ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर पुढे होता. डोक्याला गमछा, पायांत चपला. शामसुंदर त्याचं नाव, जवळच्याच छत्तीसगढी गावचा. पडक्या घरातून एक नऊवारीतली म्हातारी बाहेर येताना पाहून तो आधी दचकला आणि मग उतरून जवळ आला.

"का खोजत हव दाई? इहाँ मत घूमो, छत गिर जाही," तो म्हणाला. इकडे आईला दाई म्हणतात.

भागीरथानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे. एवढ्या वर्षांचं कुलूप होतं, ते असं एका मिनिटात कसं उघडणार? आणि ते उघडल्यावर हा परका माणूस काय करील कोणास ठाऊक. कंपनीच्या जागेत, म्हणेल. वर फोन लावेल.

"रोप," केवलराम अडखळत म्हणाला. "मतलब पौधा. मीठा नीम. हम लोग पहले यहीं रहते थे."

"बस, इतनी-सी बात?" शामसुंदर मोकळेपणानं हसला. आखाजीला ते अक्ती म्हणत. "अक्ती के दिन दाई खाली हाथ जाएगी क्या? लेबर तो आज कोई आया नहीं, त्योहार है. मशीन से निकलवा देता हूँ, जड़-मिट्टी समेत. ऐ बबलू!"

"नाई, नाई, राहू द्या," भागीरथा म्हणाली. "हाथ से... हम हाथ से निकालते."

"अरे, हाथ से कहाँ निकलेगा, जड़ दूर तक जाती है." त्यानं मशीनवर बसलेल्या बबलूला हातानं खूण केली. त्या खुणेत किती माया होती! आपल्या आजीला कोणी खुर्ची पुढे करावी तशी.

आणि पिवळं मशीन घरघरत ओळीतल्या पहिल्या अंगणात शिरलं. त्याच अंगणात, जिथं ती मघाशी बसली होती. बबलूनं कुंपणाची भिंत हलकेच बाजूला सारली, बकेट झाडाच्या मागे नेली आणि खाली दाबली. दाते मातीत गेले. भागीरथा ओरडली. काय ओरडली ते तिलाही कळलं नाही, इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकूही गेलं नाही. बकेट वर आली. तीत गोडलिंब मुळांसकट आडवा झाला होता, आणि मुळांतून माती भसाभसा गळत होती. बबलूनं तो तिच्या पायाशी आणून अलगद ठेवला आणि वरून दात दाखवले.

ती त्या मातीवर पडली. दोन्ही हातांनी माती पसरू लागली, मुळं बाजूला करून पाहू लागली. खडे होते, कौलाचा तुकडा होता, गांडूळ होतं. मशीननं केलेल्या खड्ड्यात तिनं वाकून पाहिलं, मग गुडघे मोडून आत उतरायला लागली, तेव्हा शामसुंदरनं धावत येऊन तिचा दंड धरला.

"का होगे दाई? का खोजत हव?"

"मेरी लड़की है इसमें," ती म्हणाली. "छोटी थी. इदर ही रखे थे उसको. बंद करो बाबा, मशीन बंद करो."

शामसुंदरनं हात वर केला. इंजिन बंद झालं. अचानक इतकी शांतता झाली, की दूरवर प्लांटचा घों घों आवाज ऐकू यायला लागला. बबलू खाली उतरला. त्यानं चपला काढल्या आणि तसाच विटांवर उभा राहिला.

आता काय होणार म्हणून केवलराम शामसुंदरकडे पाहत होता. पण काहीच झालं नाही. केस नाही, फोन नाही, आरडाओरडा नाही. त्या माणसानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हमारे यहाँ भी ऐसे ही रखते हैं बाबूजी. बोल देते पहले. कौन मना करता?"

कोण मना करत होतं! ज्या भीतीनं त्यानं बायकोचं तोंड जन्मभर बांधून ठेवलं, ती एवढीच होती. भागीरथाला मोठ्यानं रडायचं होतं, पण रडायला वेळ नव्हता.

"बताओ दाई, कौन-सा आँगन है?" शामसुंदर म्हणाला. "उसको मैं छुऊँगा नहीं. आराम से मिट्टी ले लो, जितना टाइम लगे. बाकी तो आज करना पड़ेगा, मेरे हाथ में नहीं है. शाम को साहब देखने आएँगे."

म्हणजे झालं की. सगळं तिच्या मनासारखं झालं. माणूस भला निघाला, मशीन थांबलं, माती न्यायला कोणाची ना नव्हती. फक्त बोट दाखवायचं होतं.

ती ओळीकडे पाहत राहिली. एकासारखं एक. एका मापाची अंगणं, एका उंचीच्या भिंती, आणि प्रत्येकात तिच्याच हातची झाडं. ती पुढे गेली, मागे आली. एका अंगणात उभं राहून तिनं डोळे मिटले. आईला आतून काहीतरी कळतं म्हणतात. तिला काही कळलं नाही. तिला फक्त ऊन लागत होतं आणि पायात कळ येत होती. कदाचित मघाच्या खड्ड्यातच होती ती, आणि आता विटा-मातीत मिसळून गेली. कदाचित आधीच पाडलेल्या कोपऱ्यात होती. आपल्याच लेकराची जागा आपल्याला ओळखू येऊ नये, याची तिला अशी लाज वाटली, की तिनं पदर तोंडावर ओढला.

"सब आँगन की थोड़ी-थोड़ी ले लें?" तिनं विचारलं.

"ले लो दाई," शामसुंदर म्हणाला, आणि मग त्याचा फोन वाजला. त्यानं तो बंद केला. पुन्हा वाजला. "हाँ सर. बस, चालू ही है सर," तो पाठ फिरवून म्हणाला.

तिनं दोन अंगणांतली माती खुरप्यानं काढली. जमीन उन्हानं दगड झालेली. तिसऱ्या अंगणात खुरपं वाकलं. बबलू मदतीला आला, पण ती त्याला हात लावू देईना. तिला धाप लागली आणि ती भिंतीला टेकून बसली. अजून सात-आठ अंगणं पुढे होती. मशीन पहिल्या घराशी उभं होतं. शामसुंदरनं फोन खिशात ठेवला नव्हता.

तेव्हा केवलराम उठला. काठी टेकत, विटांच्या ढिगांवरून पाय जपत तो चालत गेला, आणि ओळीच्या मधल्या एका अंगणात जाऊन उभा राहिला. तिथल्या गोडलिंबाच्या बुंध्यावर त्यानं हात ठेवला.

"हा," तो म्हणाला. "हाच हाये."

"कशावरून?" ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"हाच. आठवलं मले. भिंतीचा कोपरा असाच होता. पक्का हाच."

मघाशी ह्याच अंगणात तो काठीनं अंतर मोजून मान हलवत पुढे गेला होता, हे तिनं पाहिलं होतं. हा माणूस आयुष्यात इतक्या ठामपणे कधी बोलला नव्हता. लग्नाला हो म्हणतानाही नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याची मान हलत होती, आणि डोळे तिला विनवीत होते.

"हो," भागीरथा म्हणाली. "हाच."

शामसुंदरला बरं वाटलं. त्यानं कुठूनतरी लाल कापडाची चिंधी आणली आणि त्या झाडाला बांधली. बबलूला बजावलं, याला धक्का लागता कामा नये. बबलूनं आपली पाण्याची बाटली दिली. भागीरथानं ते पाणी बुंध्याशी घातलं, माती मऊ होऊ दिली, आणि मग दोघा नवरा-बायकोनं मिळून, शेजारी शेजारी बसून, ती डब्यात भरायला सुरुवात केली. तो खुरप्यानं सैल करी, ती ओंजळीनं उचली. सासूनं केलं होतं ते काम आज ती करत होती. तो तेव्हासारखाच खणत होता, पण या वेळी त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

पलीकडे इंजिन सुरू झालं. शामसुंदरला खरंच जास्त थांबता येत नव्हतं. मशीन दुसऱ्या अंगणाकडे वळलं, भिंत पडल्याचा आवाज आला, धूळ उठली. केवलराम मान खाली घालून माती सैल करत राहिला. बकेट वर उचलली गेली आणि दाते गोडलिंबाच्या मुळाशी खाली येऊ लागले, तेव्हा भागीरथाच्या ओंजळीतली माती सांडली.

"हळू रे बाप्पा," ती म्हणाली. "हळू, हळू."

मशीनच्या आवाजात बबलूला ते ऐकू गेलं नाही.